‘बघू’चा रकाना

आमच्या घरात ‘नाही’ हा शब्द फक्त घरातल्यांसाठी होता. आई मला नाही म्हणायची, मी बहिणीला नाही म्हणायचो आणि बहीण मांजरीला. बाहेरचा माणूस दारात आला की ‘नाही’ला आत बसवून ‘बघू’ला पुढे करायचं, ही आमच्या निरगुडसरची रीत. कुणी वडिलांकडे बैलजोडी मागायला आलं की वडील आधी आभाळाकडे बघायचे, मग बैलांकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघू." समोरचा चहा संपवायचा, पिकापाण्याचं बोलायचा आणि दुसऱ्या घराकडे वळायचा. कुणाला राग नाही, कुणाचा अपमान नाही.

नव्वदच्या दशकात मी शाळेत असताना कोकणातून एक नवीन गुरुजी बदलून आले. त्यांनी वडिलांना विचारलं, गॅदरिंगचा मांडव घालायला शनिवारी याल का? वडील म्हणाले, बघू. शनिवारी गुरुजी बांबू आणि सुतळी घेऊन खरोखर वाट बघत बसले. गाव आठवडाभर हसलं. वडिलांना नव्हे, गुरुजींना. मीही हसलो. त्या गुरुजींची मी मनातल्या मनात माफी मागितली ती दहा वर्षांनी, आणि ती का, तेच सांगायचं आहे.

पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण उरकलं आणि मी जुन्नरला नोकरीला लागलो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. जुन्या बाजारातल्या एका बोळात, औषधांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की आमचं ऑफिस. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास चालायचे आणि मागच्या खोलीत सॉफ्टवेअर विभाग होता. या विभागाचा प्रमुख मी होतो, प्रोग्रामर मी होतो आणि उंदरांनी वायर कुरतडली तर ती जोडणाराही मीच होतो. गावातली माणसं मला ‘सर’ म्हणायची, त्यामुळे सुरुवातीला फार बरं वाटायचं.

मालकांना सगळे शेठ म्हणत. जुन्नरचं जुनं मुसलमान घराणं. त्यांचे आजोबा हाताने कागद करायचे. शेठ येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की आजोबांनी कागद केला, आता मी कागद बंद करायला निघालोय. हे सांगताना गिऱ्हाइकाच्या मागण्या ते कागदावरच लिहून घ्यायचे. मग त्या मागण्या त्यांच्या खुर्चीमागच्या पांढऱ्या फळ्यावर जायच्या. फळ्यावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं ‘होणार’, दुसऱ्यावर ‘झालं’.

पहिल्याच आठवड्यात शेठनी विचारलं, एका शाळेचा निकालपत्रकाचा प्रोग्राम पंधरा दिवसांत जमेल का? पंधरा दिवसांत ते जमण्यासारखं नव्हतं. मी छताकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणालो, "बघू."

शेठनी पेन उघडला आणि ‘होणार’खाली निकालपत्रक लिहिलं.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. पुढच्या वेळी मी जरा लांबवून म्हणालो, "बघूऽऽ." आमच्याकडे इतकं लांबवलं की माणूस चहालाही थांबत नाही. शेठनी तेही लिहिलं. मग एकामागून एक लागत गेलं. रोपवाटिकावाल्याला टोमॅटोची रोपं कधी तयार होतील ते कॉम्प्युटरने आपणहून सांगायला हवं होतं. डॉक्टरचं अक्षर वाचणारा प्रोग्राम खालच्या औषधवाल्याला हवा होता. ते अक्षर डॉक्टरलाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे. एका छापखान्याच्या पत्रिकांमध्ये ‘श्री’ फुटून तीन चौकोन यायचे. एक गृहस्थ तर टीव्हीचा रिमोट घेऊन आले, कारण त्यालाही बटणंच होती. या सगळ्यांना मी बघू म्हणालो आणि सगळे ‘होणार’खाली जाऊन बसले. वर्षभराने ‘होणार’ फळ्याच्या खालच्या पट्टीपर्यंत पोचलं. ‘झालं’खाली चार ओळी होत्या, त्यांत एक रिमोटची.

लोकांना वाटायचं, सर सावलीत बसून काम करतात, यांना कसला ताण. मला तर सकाळी एसटीतच ताण यायचा. निरगुडसरहून मंचर, मंचरला गाडी बदलून नारायणगाव, तिथून जुन्नर. एकदा गाडी पंक्चर झाली तेव्हा सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होते आणि मी मात्र त्या सपाट चाकाकडे कृतज्ञतेने बघत उभा होतो. ऑफिसात फोन वाजला की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. एका कामाचा प्रोग्राम उघडायचो, दुसरं आठवायचं, ते उघडायचो, तिसऱ्याचा माणूस जिना चढून यायचा. शेवटी सगळे प्रोग्राम उघडे आणि मी बंद.

एका दुपारी तर अर्धा तास एकही बटण दाबलं नाही. काय करायचं तेच सुचेना. आणि चक्क डोळ्यांतून पाणी यायला लागलं. क्लासमधली एक मुलगी फ्लॉपी मागायला आत आली. काय झालं सर, म्हणाली. मी म्हणालो, पंख्याच्या वाऱ्याने डोळे चुरचुरतात. ती वर बघून मुकाट्याने बाहेर गेली. वीज गेलेली होती. कॉम्प्युटर बॅटरीवर चालला होता आणि पंखा तासाभरापासून बंद होता.

मग नाही का म्हणत नव्हतास, असं कुणीही विचारेल. घरी मी आरशासमोर सराव केला आहे. आरशात जमायचं. शेठसमोर मात्र ‘ना’पर्यंत यायचो आणि जीभ आपोआप ‘बघू’वर घसरायची. पंचवीस वर्षांची जीभ ती.

या सगळ्यात नारायणगावजवळच्या एका मंगल कार्यालयाचं काम आलं. कार्यालयवाले मूळचे शेतकरी, रस्त्याकडेच्या शेतातच हॉल बांधलेला. त्यांची मागणी एवढीच होती, की एका दिवशी दोन लग्नं धरली जाऊ नयेत. मी म्हणालो, हे सोपं आहे. तर ते म्हणाले, पण पुढाऱ्याकडचं असलं तर धरता आलं पाहिजे. पुढारी कोण ते कॉम्प्युटरला कसं कळणार, असं विचारल्यावर ते शेठकडे वळून म्हणाले, मग शिकलेल्या माणसाचा काय उपेग. मी बघू म्हणालो.

त्यांच्याकडे फोनवरून तारखा विचारणाऱ्यांना ‘मग धरू का’ म्हटलं की उत्तरं तीन तऱ्हेची यायची. म्हणून मी प्रोग्रामात एक रकाना केला आणि त्यात तीन उत्तरं ठेवली: होय, नाही, बघू. होय म्हणजे तारीख धरायची, नाही म्हणजे सोडायची. आणि बघू? तिथे माझा हात थांबला. डोकं इतकं शिणलेलं होतं की मी मागे वळून फळ्याकडे बघितलं. माझे सगळे ‘बघू’ तिथे ‘होणार’खाली ओळीने उभे होते. म्हटलं, जगाची रीत हीच दिसते. ‘बघू’ म्हणजे तारीख धरली, असं लिहून मी पुढच्या कामाला लागलो.

निरगुडसरात जन्मलेल्या माणसाने हे लिहिलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

प्रोग्राम बसवायला गेलो त्या दिवशी हॉलमध्ये लग्न होतं. मी ऑफिसातल्या टेबलाखाली शिरून वायर जोडत होतो आणि शेजारच्या दारात पंगतीवरून बोलणं चाललं होतं. नवरदेवाकडचा एक फेटेवाला गृहस्थ सांगत होता की नवरदेवाच्या मित्रांची पंगत आधी बसवा. दारात नवरीकडची कुणी मुलगी उभी होती. ती म्हणाली, "नाही. आधी म्हातारी माणसं बसतील."

आवाज चढवला नाही, हसली नाही, आभाळाकडे बघितलं नाही. नुसतं नाही. मला वाटलं, आता लग्न मोडतं. फेटेवाला बरं म्हणाला आणि मित्रांना घेऊन मांडवात जाऊन बसला. टेबलाखाली माझं डोकं फळीवर आपटलं. मी त्या मुलीच्या ‘नाही’वर भाळलो. चेहरा नंतर पाहिला. तोही बरा होता.

मग मी जे केलं ते माझ्या कामात बसत नव्हतं. त्यांच्या वहीतून नुकत्याच चढवलेल्या बुकिंगच्या नोंदी उघडल्या आणि मुलीकडच्यांचं गाव बघितलं. गाव होतं पेठ. त्या अख्ख्या प्रोग्रामातली तेवढीच एक सोय मी मनापासून वापरली. पुढचं मामांकडे सोपवलं. माझे मामा मोटारसायकलवरून आंबेगाव तालुका असा फिरतात की पोस्टमनने त्यांना पत्ता विचारावा. आठ दिवसांत त्यांनी बातमी आणली: नवरीची चुलत बहीण, मंचरला शाळेत शिकवते, लग्नाची आहे आणि आपल्यात जमण्यासारखं आहे. रविवारी पेठला मुलगी बघायला जायचं ठरलं. त्या आठवड्यात फळा मला थोडा कमी लांब वाटला.

बुधवारी दुपारी शेठ पेन घेऊन फळ्याशी उभे होते. म्हणाले, रविवारी कार्यालयवाल्यांना सगळं शिकवायचं ठरलंय, येशील ना? मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. जिन्यात पळायला वेळच मिळाला नाही. फोन पेठहून होता, मुलीच्या वडिलांचा. आमच्या घरी फोन नव्हता म्हणून मामांनी ऑफिसचा नंबर दिला होता.

"पावणं," ते म्हणाले, "रविवारी येताय नव्हं?"

कानाशी पेठ आणि समोर पेन उघडून शेठ. दोघांचा प्रश्न एकच. फोनमध्ये हो म्हणावं तर शेठना कळणार की रविवार गेला. नाही म्हणावं तर पेठ गेलं. मी छताकडे बघितलं.

"बघू," म्हणालो.

पलीकडून बरं बरं असं आलं आणि फोन ठेवला गेला. इकडे शेठनी फळ्यावर लिहिलं, ‘रविवार – येणार’. एकाच तोंडातून एकच शब्द निघाला आणि दोन तालुक्यांत त्याचे दोन अर्थ झाले. मला मात्र त्या वेळी सुटल्यासारखंच वाटलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मुलीचे वडील कोकणातले गुरुजी नाहीत, आमच्याच आंबेगाव तालुक्यातले आहेत. परत फोन करायला नंबर नव्हता. मामा कुठल्या गावात असतील ते मामांनाही ठाऊक नसायचं.

शुक्रवारी बारा वाजता मामाच जिना चढून वर आले. हेल्मेटऐवजी बांधलेला टॉवेल त्यांनी सोडला आणि माझ्यासमोर बसले.

"तू त्यांला बघू म्हनला?"

मी मान हलवली.

"मी आठ दिस तेल जाळलं आन तू बघू म्हनला." मामांनी टॉवेलने तोंड पुसलं. "त्यांनी रविवारी दुसरं पावणं बोलिवलं. खेडकडचं. पोरगा लई चांगला हाय म्हनत्यात."

जन्मात पहिल्यांदा काहीतरी स्वतःहून मागितलं होतं आणि ते मीच, माझ्याच तोंडाने, रीतसर परत पाठवलं होतं. आत्ताच जाऊ म्हणून मी उठलो, तर जिन्यात जड पावलं वाजली. मंगल कार्यालयवाले होते. काखेत त्यांची जुनी लाल वही होती.

"सर," ते म्हणाले, "तुमचं यंत्र म्हनतंय आख्खा वैशाख भरला. सकाळधरनं तीन जनांला परत लावलं. कुनाकुनाची लग्नं धरलीत तुमी?"

मी त्यांनी आणलेल्या फ्लॉपीतल्या नोंदी उघडल्या. वैशाखातल्या सगळ्या तिथींना लग्नं होती. एकेक उघडून बघितलं, तर प्रत्येकापुढे ‘बघू’. कार्यालयवाले मागून वाकून वाचत होते.

"आवं, ह्ये बघू म्हनल्यात. बघू म्हंजी न्हाई. आमच्या म्हशीला बी कळतंय."

कोकणातल्या त्या गुरुजींची मी मनातल्या मनात माफी मागितली ती इथे. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. मग शेठकडे, आणि शेठ हसत होते. गालातल्या गालात नाही, पोट धरून.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नसाया काय झालं? मी काय इलायतेत जल्मलो?" शेठनी डोळे पुसले. "पन फळ्यावर बघूचा रकाना न्हाई, राव. तू न्हाई म्हन, मी पुसतो. दीड वरीस झालं, वाट बघतोय."

मला शेठचा भयंकर राग आला. दीड वर्ष मी एसटी पंक्चर व्हावी म्हणून देवाला विनवत होतो आणि हा माणूस एका शब्दासाठी पेन धरून बसला होता. पण रागवायचं कुणावर? तो शब्द त्यांनी माझ्या खिशातून तर काढून घेतला नव्हता. आणि काम फुकटात वाढत असताना कुठला शेठ आपणहून पुसेल, हेही होतंच.

कार्यालयवाले म्हणाले, आता एवढं दुरुस्त करूनच जा. दुरुस्ती एका ओळीची होती, पण आधीच्या सगळ्या नोंदी तपासायच्या तर संध्याकाळ झाली असती. मी तोंड उघडलं. ‘ब’ बाहेर आलासुद्धा. तो गिळला.

"नाही," मी म्हणालो. "आत्ता नाही. सोमवारी सकाळी करतो. आणि रविवारीही येणार नाही."

मी वाट बघितली. काहीतरी कोसळेल असं खरंच वाटत होतं. कार्यालयवाल्यांनी लाल वही काखेत घट्ट केली. "बरं," म्हणाले. "तवर वही हाय की."

बस, इतकंच. शेठनी डस्टर माझ्याकडे सरकवला. म्हणाले, लागलाच आहेस तर सगळंच पूस. डॉक्टरचं अक्षर पुसलं. आपणहून बोलणारी टोमॅटोची रोपं पुसली. पुढाऱ्याकडचं लग्न पुसलं. मामा खालच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजवायला लागले तेव्हा ‘होणार’खाली पाच कामं उरली होती, आणि ती पाच मला करता येण्यासारखी होती.

पेठला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मुलीचे वडील ओट्यावर लसणाच्या जुड्या बांधत होते. न सांगता आलेले पाहुणे म्हणून त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, ऊन फार पडतंय म्हणाले. मामांनी विषय काढला. पोराचं कामाच्या गडबडीत बोलणं चुकलं, त्याच्या मनात तसं नव्हतं, असं दोन-तीन तऱ्हांनी सांगितलं. अशा वेळी मुलाने बोलायचं नसतं, म्हणून मी लसूण बघत बसलो.

मुलीच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग ते अंगणापलीकडच्या आभाळाकडे बघायला लागले. ती नजर मी जन्मापासून ओळखत होतो.

"बघू," ते म्हणाले.

मामा उठले. आमच्या भाषेत बैठक संपली होती. त्यांनी माझ्या शर्टाची बाही ओढली. मी उठलो नाही.

तेवढ्यात ती चहा घेऊन बाहेर आली. शाळेतून नुकतीच आलेली असावी. बोटांना खडू होता. कप माझ्यापुढे ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"बुधवारी फोनवर तुम्ही बघू म्हणालात," ती म्हणाली. "ते हो होतं का नाही होतं?"

"ते मालकांना नाही होतं आणि तुम्हाला हो होतं," मी म्हणालो. "दोन्ही एकदमच विचारलं, म्हणून एकच शब्द निघाला." आणि मग जीभ सुटलेलीच होती तर सगळं सांगून टाकलं: फळा, टेबलाखालून ऐकलेलं तिचं ‘नाही’, आणि बुकिंगमध्ये चोरून बघितलेलं गावसुद्धा. मामांनी डोळे मिटून घेतले.

तिने विचारलं, "मग मालकांना आता काय सांगून आलात?"

"नाही म्हणून सांगून आलो. आज पहिल्यांदाच."

"आणि इथं?"

"इथं हो," मी म्हणालो. "बघू नाही. हो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, वहीतलं गणित तपासताना बघावं तसं. मग वडिलांकडे वळली आणि रविवारच्या पाहुण्यांना आजच फोन करून या म्हणाली. वडिलांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आन काय सांगू त्यांला?"

"सांगा," ती म्हणाली, "बघू."

उठलेले मामा परत खाली बसले.